पेरू, भुरभुरू की शिंपडू?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका गावाहून एका ताईंनी ते पाठवलंय. वय ५३, शिक्षण बारावीपर्यंत, सगळं मराठी शाळेत. पाच जणींचा त्यांचा बचत गट मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी आणि गोडा मसाला करून विकतो. आतापर्यंत माल गावातल्या दुकानांत जायचा. यंदा ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि बंगळूर, हैदराबादहून मागणी यायला लागली. म्हणून पाकिटामागे 'कसे वापरावे' हे इंग्रजीतही छापायचं ठरलं. भाच्याने मोबाइलवर भाषांतर करून दिलं आणि ५०० लेबलं छापून आली. 'गरम भातावर मेतकूट पेरा' याचं तिथे 'सो मेतकूट ऑन हॉट राइस' झालं होतं. सो म्हणजे शेतात बी पेरतात ते. मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने लेबल बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आई, तुझं इंग्लिश म्हणजे नुसतं स्मॅटरिंग आहे, तू यात पडू नकोस." तेव्हापासून ताई रोज रात्री वहीत शब्द उतरवून घेतात: पिंच, डॅश, स्मिजन, डॉलप, ड्रिझल, स्प्रिंकल, डस्ट, स्कॅटर... चाळीस झाले. आता त्या विचारतात, यातला कुठला कुठे वापरायचा? स्वतः शिकत राहू, मुलीवर सोपवू, की पैसे मोजून कुणाकडून लिहून घेऊ? आणि शेवटी एक ओळ: 'इंग्रजीत एवढे शब्द, आपल्या मराठीत थोडंसं सोडून दुसरं काहीच कसं नाही?'

ताई,

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण तिथेच मला तुमच्याशी भांडायचंय. तुमचं पत्र मी पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचलं आणि खुणा केल्या. चार पानांत तुम्ही लिहिलंय: चिमूटभर हिंग, किंचित हळद, चवीपुरतं मीठ, बोराएवढा गूळ, तेलाचा हात, पाण्याचा हबका, तुपाची धार, वरून पेरलेलं खोबरं, भुरभुरलेली कोथिंबीर, नावाला साखर. मधेच 'घरात जिरं औषधालासुद्धा नव्हतं' हेही आहे. हे सगळं लिहून झाल्यावर त्याच कागदावर तुम्ही लिहिता की मराठीत काही नाही! इंग्रजीतले चाळीस तुम्ही मोजलेत, कारण ते वहीत आहेत. आपले मोजले नाहीत, कारण ते रोजच्या हातातले आहेत.

तेव्हा तुमची अडचण शब्द कमी असण्याची नाही. तुम्हाला दोन्हीकडचे शब्द ठाऊक आहेत, आणि तुम्ही त्यांच्या जोड्या लावायला बसलात. शाळेत 'जोड्या लावा' असायचं ना, तसं: डावीकडे पेरणे, उजवीकडे काय? तुमचा भाचा तिथेच फसला, त्याच्या मोबाइलचंही तेच झालं. त्या पोराला फार बोलू नका.

पेरणे हा शब्द आपल्याकडे शेतातून स्वयंपाकघरात आला. पीठ पेरून केलेली सिमला मिरचीची भाजी आठवा. मिरची शिजत आली की बेसन एका जागी गठ्ठा न होऊ देता, हात फिरवत फिरवत सोडायचं. बी टाकणाऱ्याचा हात असाच फिरतो. म्हणून पेरणे. इंग्रजीतला सो स्वयंपाकघरात आलाच नाही. तो शेतातून उठला आणि थेट माणसांच्या मनात जाऊन बसला: संशय पेरणे, भांडण पेरणे. तेवढं आपणही म्हणतो. भातावर मात्र तो जात नाही.

शेतातला त्यांचा दुसरा एक शब्द तर याहून लांब गेला. मूठ भरून बी चौफेर फेकायचं, आपल्याकडे ज्याला बी फोकणं म्हणतात, त्याला इंग्रजीत ब्रॉडकास्ट म्हणत. अठराव्या शतकापासून तो शेतीतला शब्द. १९२० च्या दशकात रेडिओ आला, आवाज चौफेर जायला लागला, तेव्हा तोच शब्द उचलून रेडिओला चिकटवला. शब्द असे उठून भलतीकडे जातात. आपला जिथे गेला तिथे त्यांचा जाईलच असं नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आता भुरभुर घ्या. तुमच्या वहीत भुरभुरणेसमोर ड्रिझल लिहिलंय. तुम्ही तो कसा शोधलात तेही मला कळलं: भुरभुर पाऊस म्हणजे ड्रिझल, म्हणून भुरभुरणे म्हणजे ड्रिझल. तर्क एकदम बरोबर, आणि उत्तर चूक! दोन्ही भाषांनी पावसावरूनच शब्द घेतला, पण घेतला वेगवेगळ्या गोष्टीसाठी. आपण पावसाचं बारीक, सुटं पडणं बघितलं, म्हणून कोथिंबीर, मेतकूट, पिठी अशा कोरड्या गोष्टी भुरभुरतो. त्यांनी पावसाचं ओलेपण धरलं, म्हणून ड्रिझल करायचं ते फक्त पातळ: तेल, मध, चिंचेचं पाणी. म्हणजे त्यांचा ड्रिझल आपल्या 'तुपाची धार सोडा' याच्या जवळ आहे, भुरभुरण्याच्या नाही. 'ड्रिझल मेतकूट' असं छापलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की पाकिटात काहीतरी पातळ आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी शब्दकोश बाजूला ठेवा आणि हात बघा. कोरडं आहे की ओलं? पिठासारखं आहे की दाणेदार? बोटांतून सुटतं, चमच्यातून पडतं, की भांड्यातून ओततो? हात पदार्थाला टेकलेला असतो की वीतभर वर? इंग्रजीतले हे शब्द जवळजवळ सगळे याच प्रश्नांवर वेगळे होतात, मापावर फार कमी.

चिमटीतून सुटणारं, कोरडं, थोडं थोडं, हात वर धरून: स्प्रिंकल. तुमच्या नव्वद टक्के कामाला हा एकटा पुरेल. पाण्याचा हबकाही त्यात बसतो, कारण स्प्रिंकल ओल्यालाही चालतो. आपलं भुरभुरणं आणि शिंपडणं हे दोन्ही त्याच्या एका पोटात आहेत. इथे मराठी जास्त बारीक बघते, इंग्रजी ढोबळ. (नाम म्हणून घेतलात तर केकवरच्या रंगीत साखरेच्या कणांना अमेरिकेत स्प्रिंकल्स म्हणतात. इंग्लंडात त्यांनाच म्हणतात 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स', शेकडो आणि हजारो. हे तुम्हाला काहीच कामाचं नाही, पण मला आवडतं.)

पिठासारखं बारीक, इतकं की खालचा रंग नुसता झाकोळावा: डस्ट. पोळी लाटताना पोळपाटावर तुम्ही पिठी टाकता, ते डस्ट. मात्र हा शब्द जरा लबाड आहे. टेबल डस्ट करा म्हटलं तर धूळ पुसायची, आणि केक साखरेने डस्ट करा म्हटलं तर धुळीसारखी साखर त्यावर बसवायची. एकाच शब्दाने पुसायचंही आणि टाकायचंही. पाकिटावर नकोच तो.

दाणेदार, मोकळं, कुठे पडतंय याची फार फिकीर न करता टाकलेलं: स्कॅटर. भाजलेले तीळ, खोबऱ्याचा कीस, डाळिंबाचे दाणे. तुमच्या 'वरून पेरलेलं खोबरं' याला हा सगळ्यात जवळचा. स्ट्रू म्हणून एक आहे तो फुलांच्या पाकळ्यांना आणि खोलीभर पडलेल्या पसाऱ्याला जास्त शोभतो, जेवणाच्या ताटाला कमी. थ्रो अजिबात नको. अक्षता आणि भंडारा उधळताना ठीक.

पातळ, धारेने: ड्रिझल. पातळच, पण एकदम बाटली झटकून: डॅश किंवा स्प्लॅश. घट्ट, चमच्यातून थपकन पडणारं, दह्यासारखं: डॉलप. लोण्याच्या गोळ्याला इंग्लंडात नॉब म्हणतात, दाराच्या मुठीचा शब्द तोच. आपण सुपारीएवढं लोणी म्हणतो, ते मुठीवर गेले.

स्कॅटरबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही शेताजवळच्या आहात. हवामान खात्याच्या इंग्रजी अंदाजात 'स्कॅटर्ड' असतं आणि लोकांना वाटतं हलका पाऊस. तसं नाही. आपल्या हवामान विभागाच्या भाषेत पाऊस नोंदवणाऱ्या ठिकाणांपैकी २६ ते ५० टक्के ठिकाणी पडला तर स्कॅटर्ड, २५ टक्क्यांपर्यंत पडला तर आयसोलेटेड, म्हणजे मराठी बातमीतलं 'तुरळक ठिकाणी'. किती पडला याच्याशी त्याचा संबंध नाही. तुरळक ठिकाणीही जिथे पडतो तिथे ओढा भरून वाहू शकतो. विखुरणं वेगळं आणि कमी असणं वेगळं, दोन्हीची गल्लत तुमच्या वहीतही झालीय. पिंच, डॅश, टॅड एका बाजूला लिहा, ते किती हे सांगतात. स्प्रिंकल, स्कॅटर, डस्ट दुसऱ्या बाजूला, ते कसं हे सांगतात. एक रेघ मारून वही दोन भागांत केलीत की निम्मा गोंधळ जाईल.

आता 'किती'कडे येऊ. तुम्ही लिहिलंय, 'इंग्रजीत सगळं मोजून मापून असतं, आपलं सगळं अंदाजपंचे.' हे तुम्हाला कुणी सांगितलं? पिंच म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांत मावेल तेवढं. चिमूट. शब्दाची जातकुळीसुद्धा सारखी: आपल्याकडे चिमूट आणि चिमटा, त्यांच्याकडे दोन्हीला पिंच. चिमूट कुणाची, हे दोघंही सांगत नाहीत. मी परवा आमच्याकडच्या छोट्या काट्यावर गंमत म्हणून करून बघितलं. माझ्या दोन बोटांच्या दहा चिमटी मीठ एका वाटीत, आमच्या ह्यांच्या दहा चिमटी दुसऱ्या वाटीत. ह्यांच्या वाटीत माझ्या दुपटीहून जास्त निघालं, कारण ते तीन बोटांनी घेतात आणि त्यालाच चिमूट म्हणतात. तीस वर्षं आमटी खारट का होते याचा उलगडा झाला.

अमेरिकेत यावर उपाय म्हणून इवल्याशा चमच्यांचे संच विकतात. चमच्यावर आकडा नाही, शब्दच कोरलेला: डॅश म्हणजे चहाच्या चमच्याचा आठवा भाग, पिंच सोळावा, स्मिजन बत्तिसावा. चहाचा चमचा त्यांच्या मापाने ५ मिलिलिटर, त्यात मीठ मावतं सुमारे ६ ग्रॅम. म्हणजे त्यांची पिंच अर्ध्या ग्रॅमच्याही आतली. स्मिजन तर त्याच्या निम्मी. मोजायची हौस असेल तर छान आहे, पण शब्द आधी आले आणि चमचे नंतर. शब्दांना माप नव्हतं म्हणूनच चमचे करावे लागले.

आणि मोजण्याचंच म्हणाल तर तुमच्या आजीच्या काळी सोनं गुंजेने तोलत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. साहेबाकडे ग्रेन होता, म्हणजे धान्याचा दाणा. इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरला. सांगायचं एवढंच की बारीक मोजायची वेळ आली तेव्हा दोघांनीही बीच उचललं. प्रकृती तोळामासा असलेल्या माणसाला आपण जपतो. त्यांच्याकडे अतिशयोक्त बोलणाऱ्याचं बोलणं मिठासकट घ्यायचं असतं, अमेरिकेत दाणाभर मिठासकट, इंग्लंडात चिमूटभर. अर्थ एकच: सगळंच खरं धरू नका. तुमच्या मुलीच्या त्या वाक्याबाबत मी येतेच आहे.

पण त्याआधी एक अगदी छोटी गोष्ट, जिच्यात माझ्या मते तुमच्या चाळीस शब्दांपेक्षा जास्त जीव आहे. लिटल आणि अ लिटल. भाच्याच्या भाषांतरात गोड्या मसाल्याच्या पाकिटावर 'ॲड लिटल वॉटर' आहे. आपल्याकडे अर्ध्या पाकिटांवर असंच असतं, आणि कुणाचं काही बिघडत नाही. तरी कानाला ते असं लागतं: 'पाणी थोडंच घाला.' आधी अ लावला, 'ॲड अ लिटल वॉटर', की होतं 'थोडं पाणी घाला.' त्या एका अक्षरात कमतरतेची कुरकुर जाते. आपल्याकडे हेच काम च करतो, फक्त उलट बाजूने. थोडे लोक आले, थोडेच लोक आले. तिकडे अ नसला की कुरकुर, इकडे च असला की कुरकुर. फ्यू आणि अ फ्यू यांचंही तेच. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहा. आणि मोजता येतं त्याला फ्यू, मोजता येत नाही त्याला लिटल: अ फ्यू कढीपत्त्याची पानं, अ लिटल मीठ. 'फ्यू सॉल्ट' हे लेबलावर मी स्वतः पाहिलंय, तेव्हा हसू नका.

आता चाळीसातले निम्मे खोडू या. आयोटा, जॉट, विट, सिंटिला, मॉडिकम, श्रेड, सूपसाँ. हे सगळे थोडंसं सांगतात, पण स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीत. (सूपसाँ मधूनच येतो, पण फ्रेंच असल्याचा तोरा मिरवत. तिकडे त्या शब्दाचा अर्थ संशय. मसाल्याचा संशय यावा इतपत, ही कल्पना मात्र झकास आहे.) आयोटा हे ग्रीक लिपीतलं सगळ्यात छोटं अक्षर, जॉटही त्याच्यातूनच आला. सिंटिला म्हणजे लॅटिनमध्ये ठिणगी, तो कोर्टात पुराव्याबरोबर दिसतो: पुराव्याची ठिणगीही नाही. यांतले बरेच नकाराशिवाय उभेच राहत नाहीत. आपल्याकडे बघा ना: तिळमात्र शंका नाही, काडीमात्र किंमत नाही, सुतराम शक्यता नाही, तसूभर मागे हटणार नाही. 'आमटीत सुतराम मीठ घाला' असं कुणी म्हणेल का? सिंटिला ऑफ सॉल्ट हे इंग्रज कानाला तसंच वाटेल. शब्द थोडक्याचा आहे एवढं पुरत नाही, तो कुणाच्या शेजारी बसतो हे बघावं लागतं.

आणि स्मॅटरिंग. हा शब्द स्कॅटरिंगसारखा ऐकू येतो म्हणून तुम्ही तो 'भुरभुरणे'च्या यादीत टाकलाय आणि समोर 'खोबऱ्याचं स्मॅटरिंग' असं उदाहरणही लिहिलंय. तिथून काढा. स्मॅटरिंग मुख्यतः ज्ञानाचं असतं, त्यातही भाषेचं: तोडकंमोडकं, इकडून तिकडून गोळा झालेलं. मूळ क्रियापदाचा अर्थ होता न कळता बडबडणं. हल्ली विरळ टाळ्यांनाही म्हणतात. मुलीने तो बरोबर वापरला हे कबूल करावं लागेल, आणि तो लागला असेल हेही कळतं. बोलली ती पाचशे लेबलं बघून, घाईत. पण ताई, तोडकंमोडकं इंग्रजी असणं ही लाज नाही, या देशात ते फार मोठ्या जनतेचं इंग्रजी आहे. त्यावर दुकानं चालतात, रेल्वेची तिकिटं निघतात, मुलं शिकून पुण्याला जातात. तुम्ही तिला त्याच इंग्रजीवर दहावीपर्यंत शब्द पाठ करून घेतले असतील, अशी माझी अटकळ आहे.

तरीही तिचं म्हणणं सगळं उडवून लावू नका. एका जागी ती बरोबर आहे आणि तिथे प्रेमळ शब्द चालत नाहीत. तुम्ही लिहिता की मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी एकाच यंत्रात दळता, मधे पुसून घेता. पुसलं तरी शेंगदाण्याचा अंश मेतकुटात जातो. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याला तेवढा अंश दवाखान्यात पोचवू शकतो. तिथे लिटल, पिंच, टच, हिंट असं काहीही लिहायचं नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलच्या नियमांत शेंगदाणा, गहू, सोयाबीन, दूध अशा पदार्थांची स्पष्ट नोंद करायला सांगितली आहे: घातलाच असेल तर 'कंटेन्स', चुकून मिसळण्याची शक्यता असेल तर 'मे कंटेन'. मेतकुटात गहू असतो, म्हणून तुमच्या पाकिटावर 'कंटेन्स व्हीट' आणि 'मे कंटेन पीनट्स' दोन्ही हवेत. निव्वळ वजनही आकड्यात, ग्रॅममध्ये. त्याच नियमांत सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत मागितली आहे, मराठी सोबत जरूर छापा. हा भाग परवाना काढून देणाऱ्या तुमच्या माणसाकडून तपासून घ्या, इथे शब्दांची हौस नको. हौसेला 'कसे वापरावे'च्या चार ओळी मोकळ्या आहेत.

त्या चार ओळी कुणी लिहायच्या? पैसे देऊन लिहून घेणं वाईट नाही. मी स्वतः अशी कामं केली आहेत आणि सांगते, मेतकूट कधी न खाल्लेला माणूस सुंदर इंग्रजीत चुकीचं लिहील. त्याला गरम भात आणि गार भात यांतला फरक कळणार नाही. मुलीवर सगळं सोपवलंत तर इंग्रजी नीट होईल, पण चटणीत दही किती हे ती तुम्हालाच फोन करून विचारणार. म्हणून वाटणी करा: क्रियापद तुमचं, व्याकरण तिचं. हाताने काय करायचं ते तुम्ही ठरवा, अ कुठे आणि द कुठे हे ती बघेल. पैसे द्यायचेच असतील तर ते छपाईआधी एकदा वाचून घेण्यासाठी द्या, लिहिण्यासाठी नको.

तिला वाक्यं तपासताना एक विचारा. इंग्रजीत दोन तऱ्हेने म्हणता येतं: मेतकूट भातावर स्प्रिंकल करा, किंवा भाताला मेतकुटाने स्प्रिंकल करा. मराठीत दुसरं जमतच नाही, 'भाताला मेतकुटाने भुरभुरा' म्हटलं तर लोक आपल्याकडे बघतील. इंग्रजीत दोन्ही बरोबर, पण दुसऱ्या तऱ्हेत भात सगळा झाकला गेल्याचा भास होतो. तुम्हाला झाकायचा नाही, वरून थोडं हवंय, म्हणून पहिली तऱ्हा. ती तुम्हाला सुचलेलीच होती, कारण ती मराठीचीच आहे.

असंच विचारणारी पत्रं मला आणखीही येतात. परदेशातल्या सुनेला पुरणपोळी लिहून देणाऱ्या सासूबाई, खानावळीचं मेन्यूकार्ड करणारे एक काका, आजीची वही टाइप करणारा नातू. सगळ्यांना हेच सांगते: आकडा आणि शब्द दोन्ही द्या. आकडा अनोळखी माणसासाठी, तो पहिल्यांदा करतोय. शब्द त्याच्या दुसऱ्या वेळेसाठी. नुसतं 'अ पिंच' दिलंत तर तो आमच्या ह्यांच्यासारखी तीन बोटं घालेल. नुसतं 'एक अष्टमांश चमचा' दिलंत तर तो चमचा शोधत बसेल आणि फोडणी जळेल. आणि 'चवीनुसार' याला 'टु टेस्ट' हे साधे दोन शब्द पुरतात, त्यापुढे जाऊ नका.

तुमच्या मेतकुटासाठी मी असं लिहीन: 'स्प्रिंकल वन टीस्पून ओव्हर अ बोल ऑफ हॉट, सॉफ्ट राइस. ॲड अ लिटल घी अँड सॉल्ट टु टेस्ट. मिक्स अँड ईट ॲट वन्स.' तूप घी झालं याचं दुःख करू नका, हैदराबादेत ते तसंच कळेल. मेतकूट हा शब्द मात्र तसाच ठेवा, त्याचं 'लेंटिल पावडर' करू नका. खाली बारीक अक्षरांत 'रोस्टेड डाळ अँड ग्रेन पावडर' चालेल.

ती ५०० लेबलं फेकू नका. घटक, वजन आणि वर सांगितलेली ॲलर्जीची नोंद बरोबर असेल तर गावातल्या दुकानांत जाऊ द्या, तिथे कुणी सो वाचून भातात पेरणी करणार नाही. नाहीतर त्या ओळीवर छोटा स्टिकर लावा.

आणि नवी लेबलं छापायला देण्याआधी एक करा. गावात बँकेत किंवा शाळेत बाहेरून आलेली एखादी बाई असेल, तामीळ, बंगाली, कोणीही, जिने मेतकूट बघितलेलं नाही. तिला घरी बोलवा, वाफाळता मऊ भात वाढा, पाकीट हातात द्या आणि फक्त मागची इंग्रजी ओळ वाचायला सांगा. तोंडाने काही सांगू नका, मुलीलाही गप्प बसवा. ती चमचा घेते की बोटं, किती वरून टाकते, कुठे थांबते ते बघा. ती दोन चमचे घालून थांबली आणि तरी आवडीने खाल्लं, तर माझा एक चमचा खोडून दोन छापा.